एका शिबिरात एकच

1950 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर बर्कहोल्डर या वनस्पतिरोगतज्ज्ञाने कांदा सडवणाऱ्या एका जीवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. न्यू यॉर्क राज्यातल्या शेतकऱ्यांचे कांदे वरच्या पापुद्र्यांपासून लिबलिबीत व्हायचे, आंबूस वास मारायचे, त्यामागे हा जीवाणू होता. कांद्याच्या लॅटिन नावावरून त्याला ‘सेपेशिया’ म्हटलं गेलं. पुढे त्याच्या कुळाला बर्कहोल्डरचंच नाव मिळालं. नाशिककडच्या वाचकांना एवढ्यावरच यात रस वाटेल. मला त्याच्याविषयी लिहायचंय ते निराळ्या कारणाने. या कांदेखाऊने अमेरिकेतल्या आजारी मुलांची उन्हाळी शिबिरं बंद पाडली.

मुलं सिस्टिक फायब्रोसिसची. बोलताना सगळे ‘सीएफ’च म्हणतात. आजार आनुवंशिक आहे. सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला दोष आई आणि बाबा दोघांकडून आला तरच मूल आजारी होतं. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता. त्या दोघांना स्वतःला काहीच होत नसतं, त्यामुळे घरात हे आहे याचा पत्ता कुणालाच नसतो. पेशींच्या पडद्यातून क्षार आणि पाणी यांची ये-जा बिघडते. फुप्फुसातला कफ घट्ट, चिवट होऊन बसतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नळ्या बुजतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. घामातून मीठ भरमसाट जातं. डोरोथी अँडरसन या न्यू यॉर्कच्या डॉक्टरबाईंनी 1938 साली या आजाराला वेगळी ओळख दिली, तेव्हा ही मुलं शाळेच्या वयापर्यंतही क्वचितच पोचत. आज अमेरिकेत असे सुमारे चाळीस हजार रुग्ण आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रौढ आहेत.

आता शिबिराविषयी. आपल्या एका पिढीच्या बालपणात उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या आजोळाला जे स्थान होतं, ते अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत ‘कॅम्प’ला आहे. 1861 साली कनेक्टिकटमधल्या गन नावाच्या शिक्षक दांपत्याने आपल्या शाळेतली मुलं समुद्रकाठी तंबूत राहायला नेली, तिथपासून ही परंपरा मोजतात. आठवडा, दोन आठवडे, काही ठिकाणी सात आठवडेसुद्धा मूल घराबाहेर राहतं. लाकडी खोल्या, दुमजली खाटा, तळं, होड्या, रात्रीची शेकोटी. फोन बहुतेक ठिकाणी काढूनच घेतात. घरी पत्र लिहायचं. सांभाळायला कॉलेजातली पोरं असतात, जेमतेम अठरा-वीस वर्षांची. आपल्याकडच्या आयांना ही कल्पना ऐकूनच धडकी भरते आणि ते अगदीच चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही.

आजारी मुलांसाठी वेगळी शिबिरं काढायची कल्पनाही जुनीच. इन्सुलिनचा शोध लागून जेमतेम चार वर्षं झाली होती तेव्हा, 1925 साली, मिशिगनमध्ये डॉ. लिओनार्ड वेंट यांनी मधुमेही मुलांना शिबिरात नेलं. तिथे प्रत्येक जण सुई टोचून घेत होता, त्यामुळे त्यात वेगळं वाटण्यासारखं काही उरलं नाही. सीएफच्या मुलांनाही पुढे हेच मिळालं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिका आणि कॅनडात त्यांची स्वतःची शिबिरं भरत. जेवणाच्या टेबलावर सगळेच मूठभर गोळ्या गिळणारे. सकाळी फळ्यांवर डोकं खाली करून पोरं ओळीने पडलेली आणि कफ सुटावा म्हणून मोठी माणसं ओंजळीसारख्या वाकवलेल्या तळव्यांनी त्यांच्या पाठीवर थापटतायत. शाळेत खोकला आला की वर्ग मागे वळून बघायचा. इथे कुणी मानही वळवत नसे. आपल्यासारखं दुसरं कुणी आहे, हे त्यातल्या कित्येकांनी पहिल्यांदा तिथेच पाहिलं.

1984 साली टोरांटोच्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांच्या सीएफ रुग्णांमध्ये सेपेशिया वाढत चालला होता. निरोगी माणसाला तो काही करत नाही. या मुलांच्या फुप्फुसात शिरला की मात्र बहुतेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. काही जण त्याला घेऊन वर्षानुवर्षं जगतात, तर काहींना अचानक ताप भरतो, न्यूमोनिया होतो आणि काही आठवड्यांत सगळं संपतं. क्लीव्हलंडमधूनही तशाच बातम्या आल्या. तोवर समज असा होता की हे जंतू मातीतून, पाण्यातून येतात. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. 1990 साली अमेरिकेतल्या काही सीएफ शिबिरांचा अभ्यास झाला आणि काही मुलांना हा जंतू शिबिरातच लागल्याचं दिसलं. जिथे आधीपासून बाधित मुलं जास्त, तिथे धोका जास्त. 1993 साली ‘लॅन्सेट’मध्ये एडिंबरा आणि मँचेस्टरचा अहवाल आला. रुग्णांची नुसती एकमेकांशी असलेली मैत्री, भेटीगाठी एवढंसुद्धा पुरत होतं. डेन्मार्कमध्ये तर हिवाळी शिबिरात दुसरा एक जंतू, स्यूडोमोनास, मुलांनी एकमेकांकडून घेतला.

मग शिबिरं मिटली. नव्वदच्या दशकात एकेक करून. 2013च्या अमेरिकन नियमावलीने तर दोन सीएफ रुग्णांमध्ये सहा फुटांचं अंतर सांगितलं आणि बंद जागेतल्या कार्यक्रमाला अशी एकच व्यक्ती असावी असं ठरलं. ‘फाइव्ह फीट अपार्ट’ नावाचा 2019चा सिनेमा यावरच बेतलेला आहे. त्यातली नायिका सहातला एक फूट हक्काने परत मागते. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, शिबिरातून जंतू घेऊन आलेल्या मुलांचं पुढे काय झालं ते वाचल्यावर तर नाहीच. पण या व्यवस्थेत एक विचित्रपणा आहे. सीएफच्या मुलांचे आईवडील एकमेकांना भेटू शकतात, एका हॉलमध्ये बसून चहा पिऊ शकतात, रडू शकतात. मुलांना मात्र ते करता येत नाही. ज्यांना एकमेकांची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्याचसाठी एकमेकांचा श्वास धोक्याचा.

म्हणून आज सीएफचं मूल शिबिराला जातं ते धडधाकट मुलांच्या शिबिराला, आणि तिथे तसं एकटंच असतं.

माझ्या एका मैत्रिणीची मुलगी अशीच शिबिराला गेली. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणारं मराठी कुटुंब, मुलगी दहा वर्षांची, मला मावशी म्हणणारी. शिबिर पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरांमध्ये, एका आठवड्याचं. हट्ट मुलीचा होता. वर्गातल्या तिघी जात होत्या.

या मुलीचं निदान उशिरा झालं, तिला दुसरं वर्ष लागल्यावर. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत 2010पर्यंत नवजात बाळांची सीएफसाठी तपासणी सुरू झाली होती. टाचेतून रक्ताचा थेंब घेतात. पण बऱ्याच राज्यांत दुसऱ्या पायरीला जनुकातल्या ठराविकच बिघाडांची यादी तपासतात आणि ती यादी मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांवरून बनलेली. त्यांच्यात ‘एफ 508 डेल’ हा एक बिघाड इतका सर्रास आहे की तो शोधला की काम भागतं. दक्षिण आशियाई रुग्णांमध्ये त्याचं प्रमाण बरंच कमी. बाळ चाळणीतून निसटलं. पुढे वजन वाढेना, छाती सतत भरलेली, तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार भारतीयांत नसतो. दिल्लीच्या एम्समधले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले डॉक्टर कित्येक वर्षांपासून उलट सांगतायत. भारतात अशा मुलांवर आधी क्षयाचे उपचार होतात किंवा पोर कुपोषित म्हणून सोडून दिलं जातं. शेवटी या मुलीचा घाम तपासला गेला, आणि त्यातल्या क्लोराइडने दुसरा प्रश्नच ठेवला नाही.

तिची दिनचर्या मी पाहिली आहे. सकाळी श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप. मग नेब्युलायझरमधून सात टक्के मिठाचं पाणी, ते खोकल्याने हैराण करतं, पण करायलाच हवं. त्याचबरोबर छातीवर हवेने फुगणारं जॅकेट. ते यंत्राला जोडलेलं असतं आणि अर्धा तास तिला गदागदा हलवतं. कफ पातळ करणारं दुसरं औषध, 1993 पासून मिळणारं डॉर्नेज, दिवसातून एकदा. संध्याकाळी पुन्हा बरंचसं हेच. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं. आणि 2021 साली सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मंजूर झाल्यापासून ‘ट्रायकाफ्टा’च्या गोळ्या. बिघडलेलं प्रथिनच काही प्रमाणात कामाला लावणाऱ्या या गोळ्यांनी सीएफचं जगच बदललं. 2019 साली त्या आल्या तेव्हा वर्षाची छापील किंमत तीन लाख अकरा हजार डॉलर होती. अमेरिकेत विमा ते बघतो. पुण्यात किंवा सोलापुरात जन्मलेल्या याच मुलीचं काय झालं असतं, हा प्रश्न तिच्या आईला रात्री छळतो असं ती म्हणते. मला तो दिवसाही छळतो.

जेवण हा सगळ्यात मोठा कार्यक्रम. स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं आतड्यात पोचत नाहीत, म्हणून प्रत्येक घासाआधी, म्हणजे खरंच प्रत्येक खाण्याआधी, ती कॅप्सूलमधून घ्यायची. जेवणाला दोन-तीन, मधल्या खाण्याला एक. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. दुसऱ्या कशाची मिळत नाहीत. घर शुद्ध शाकाहारी. पुण्याच्या आजीला हे सांगायला आईबाबांनी वर्ष लावलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “औषध ते औषध. त्याला कसली जात?” आणि विषय मिटला.

शिबिराचं मात्र आजींना अजिबात पटलं नव्हतं. फोनवर त्यांचं एकच: “अगं, धड असलेलीसुद्धा पोरं कुणी अशी पाठवत नाही.”

आरोग्याचा अर्ज पानंच्या पानं होता. पण खरा पेच त्यात कुठेच नव्हता, तो शिबिराच्या एका ओळीच्या नियमात होता: सगळी औषधं नर्सच्या कपाटात, कुलूपबंद. नियम शहाणपणाचा आहे. पण कॅप्सूल खायच्या पहिल्या घासाआधी घ्यायची असते. होडीतून पलीकडच्या काठावर गेल्यावर कुणी सफरचंद आणि चीज वाटलं तर नर्सची खोली कुठे? ही मुलगी एक तर खाणार नाही, किंवा कॅप्सूल न घेता खाईल आणि दोन तासांनी पोट धरून बसेल. त्यामुळे डॉक्टरांचं पत्र लागलं, कॅप्सूल तिच्या कमरेच्या पाउचमध्ये राहतील असं. शिबिराच्या संचालकांना घाम फुटला. दम्याचा पंप जवळ ठेवू देतात, मग हे का नाही, असं आईने विचारलं. तिच्याकडे अपंगांच्या हक्कांचा 1990चा कायदाही होता. खासगी शिबिरांनाही वाजवी सोय करून द्यावी लागते. तो तिने काढला नाही. नर्सने आधीच हो म्हटलं होतं.

या नर्सबाई म्हणजे नशीब. तशी नर्स नसेल तर पाठवूच नये, असं माझं मत झालं आहे. एप्रिलमध्येच त्यांनी फोन करून तासभर प्रश्न विचारले. डॉर्नेज फ्रिजमध्ये ठेवायचं, तर वीज गेली तर? जनरेटर आहे. नेब्युलायझरच्या कपात पाणी राहिलं की जंतू वाढतात. धुऊन भागत नाही, वाफवायला हवं. बाळाच्या दुधाच्या बाटल्या वाफवायचं विजेचं भांडं आईने पाठवलं. कॅप्सूल उन्हात बसमध्ये राहिल्या तर निकामी होतात. ट्रायकाफ्टा चरबी असलेल्या खाण्याबरोबरच घ्यायची, आणि दोन वेळांत बारा तास. म्हणजे रात्रीचं दूध आणि लोणी लावलेला पाव ठरला.

जॅकेटचं काय, यावर घरात भांडण झालं. बाबांचं म्हणणं, आठवडाभर सोडून द्यावं. त्यांनी एक अभ्यास वाचला होता. ट्रायकाफ्टावर असलेल्या, बारा वर्षांवरच्या, फुप्फुसं चांगली असलेल्या रुग्णांनी मिठाच्या पाण्याचं किंवा डॉर्नेजचं नेब्युलायझर सहा आठवडे बंद ठेवलं तरी श्वासाची मोजमापं घसरली नाहीत. आईचं म्हणणं, पोर दहाची आहे, बाराची नाही, आणि जॅकेटचा त्या अभ्यासात काही संबंध नाही. दोघेही बरोबर होते. डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. नेब्युलायझर सकाळी एकदाच, जॅकेट घरी, त्याऐवजी हातात मावणारं, फुंकल्यावर छातीत कंप उठवणारं एक यंत्र. आणि पळणं, पोहणं, ट्रँपोलिनवर उड्या मारणं हे दिवसभर आहेच. कुठल्याही मुलाला सरसकट लागू पडेल असं यात काही नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं.

पाण्याची आणि मातीची वेगळी यादी. तळ्यात पोहायला हरकत नाही. गरम पाण्याच्या टबात मात्र मुळीच नाही, स्यूडोमोनासचं ते आवडतं घर. घोड्यावर बसायचं, पण तबेला झाडायचा नाही; कुजक्या गवतातली बुरशी फुप्फुसात शिरते. शेकोटीला धूर येणार नाही अशा बाजूला बसायचं.

आणि मीठ. ऑगस्ट 1948 मध्ये न्यू यॉर्कमध्ये उन्हाची भयंकर लाट आली, तेव्हा इस्पितळांत उष्माघाताने आणलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुलं प्रमाणाबाहेर होती. पॉल दी सांतान्येज या डॉक्टरांनी त्याचा माग काढला आणि 1953 साली दाखवलं की यांच्या घामात मीठच फार असतं. घाम तपासून निदान करणं तिथून सुरू झालं. तोवर युरोपातल्या सुईणींना एवढंच ठाऊक होतं, की ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते फार जगत नाही. जुलैच्या उन्हात दिवसभर धावणाऱ्या मुलीला नुसतं पाणी पाजणं घातक. पाण्याबरोबर मीठ हवं. तहान लागेलच यावरही भरवसा नाही, कारण रक्तातलं मीठच उतरलेलं असतं. शिबिराच्या स्वयंपाकघरात खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या होत्या. आजींनी लिंबाच्या सरबतात चमचाभर मीठ घालायला सांगितलं, आणि या एकाच बाबतीत पुणे आणि अमेरिकन डॉक्टर यांचं पूर्ण एकमत झालं.

एक गोष्ट कुणी अर्जात विचारत नाही. चरबी नीट पचली नाही की शौचाला फार घाण वास येतो, पोटात वायू धरतो. घरी त्याचं काही नसतं. बारा मुलींना मिळून दोन संडास असतील तर तो जीवघेणा प्रश्न होतो, आणि दहा वर्षांची मुलगी तो आईलाही सांगत नाही. तिने मला सांगितलं, तेही गाडीत, मागच्या सीटवरून, खिडकीबाहेर बघत. मी तिच्या आईला सांगितलं, आईने नर्सला, आणि ठरलं की ती केव्हाही, न विचारता, दवाखान्यातला संडास वापरेल. माझ्या मते सगळ्या तयारीत हाच एक निर्णय असा होता की ज्याच्यामुळे ती तिथे टिकली.

तो आठवडा आईबाबांनी शिबिराच्या संकेतस्थळावर रोज संध्याकाळी येणाऱ्या फोटोंवर काढला. आई फोटो मोठा करून आधी कंबर बघायची. पाउच आहे का? आहे. मग चेहरा.

आल्यावर कळलं ते असं. दोनदा सकाळचं नेब्युलायझर बुडालं, पोहायला उशीर होईल म्हणून. एकदा होडीच्या सहलीत ती कॅप्सूल विसरली, पोट दुखलं, रात्र दवाखान्यात झोपून काढली. नर्सने तिला पत्ते शिकवले. पहिल्या दिवशी खोकला आला तेव्हा वरच्या खाटेवरच्या मुलीने विचारलं, हे मला लागेल का. तिने सांगितलं, माझं तुला लागणार नाही, पण तुझी सर्दी मला लागली तर मी महिनाभर आजारी पडेन, तेव्हा तूच लांब बस. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. घरी तिचं बोलणं कायम आईच करत आली होती: शाळेत, वाढदिवसाला, विमानतळावरच्या तपासणीत. वजन पाव किलोने वाढलं होतं. पुढच्या तपासणीत श्वासाचं माप जिथल्या तिथे. आईला या गोष्टीचा आनंद झाला आणि थोडा रागही आला. आपण नसताना सगळं जमलं याचा. ती हे मोकळेपणाने कबूल करते.

पुढच्या वर्षीसाठी मुलीने दोन आठवडे मागितले. जानेवारीत अर्ज भरला. फेब्रुवारीत नर्सचा फोन आला: त्याच तारखांना सीएफच्या आणखी एका मुलीचा अर्ज आहे. तीही दहा-अकराचीच. दोघींना एका वेळी घेता येणार नाही. एकीने जुलै घ्यावा, एकीने ऑगस्ट.

मुलीने विचारलं, तिचं नाव काय. नाव सांगायची नर्सला मुभा नव्हती. मग तिने विचारलं, मी ऑगस्टला गेले तर तिच्या खाटेवर झोपता येईल का. आईने मला हे फोनवर सांगितलं आणि विचारलं, डॉक्टरांना विचारू का, गादीवर जंतू किती दिवस राहतात. विचार, म्हटलं. त्यांनी ऑगस्ट घेतला. आगाऊ रक्कम भरायची शेवटची तारीख त्याच शुक्रवारी होती.